दाढच तर काढली, त्यात काय एवढं?

पत्र थोडक्यात : औसा तालुक्यातल्या एका २९ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र. घरी सासू-सासरे, नवरा, दीर आणि दोन लेकरं. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या तीन दिवस आधी लातूरला तिची उजवीकडची खालची अक्कलदाढ ऑपरेशन करून काढली. त्याच संध्याकाळी ती चुलीपुढे बसली. चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागला, तो तिनं चार-पाच दिवस अंगावर काढला. गावातल्या मेडिकलमधून दोनदा गोळ्या आणल्या. शेवटी दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘चार दिवस आधी यायचं होतं.’ आता डावीकडची दाढही तशीच आडवी आहे. वर्षभरात तिथली हिरडी दोनदा सुजली आणि डॉक्टरांनी काढायला सांगितलं आहे. सासूबाईंचं म्हणणं, ‘दाढच काढायची हाय ना, बाळंतपण तर नाही! मी दोन काढल्या आन् संध्याकाळी बारा माणसांच्या भाकरी थापल्या.’ नवरा म्हणतो, सोयाबीन निघालं की बघू. आई म्हणते, गंगाखेडकडे माहेरी ये, पण दाढ काढून नजर कमी होत नाही ना ते आधी विचार. भगिनीचे प्रश्न असे : मीच नाजूक आहे का? ही दाढ काढूच नये का? काढली तर माहेरी जाऊन पडावं का? आणि घरच्यांना वाईट न वाटता हे सांगावं कसं?

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला ‘तू’ म्हणते, कारण वयानं माझ्या लेकीएवढी आहेस. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली बारा वर्षं दातांच्या विभागात गेली. मी डॉक्टर नाही, तेव्हा तुझ्या डॉक्टरांचा शब्द माझ्या वर धरायचा. पण दाढ काढून घरी गेलेल्या बाईचं पुढं काय होतं, हे आम्हा सिस्टरांना जास्त कळायचं. टाके काढायला आली की ती डॉक्टरांना ‘बरंय’ म्हणायची, आणि आमच्यापाशी डोळ्यांत पाणी आणायची.

आधी तो ‘नाजूक’ शब्द बाजूला ठेवू. तुझ्या सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी दोन दाढा काढल्या असतील आणि संध्याकाळी भाकरीही थापल्या असतील. पण त्या कोणत्या दाढा होत्या, हे कधी विचारलंस का? त्या पिढीत बायका दवाखान्यात यायच्या तेव्हा बहुतेकींची दाढ पायोरियानं हलायला लागलेली असायची. इंजेक्शन द्यायचं, चिमट्यात धरायची, दोन हिसक्यांत हातात. हाड शाबूत, हिरडी शाबूत, टाका नाही. तुझी दाढ हाडात आडवी झोपलेली होती. तिच्यासाठी हिरडी चिरावी लागली, वरचं हाड मशीननं कोरावं लागलं, दाढेचे तुकडे करून एकेक काढावा लागला आणि वर टाके घातले. दोन्हींना आपण ‘दाढ काढली’च म्हणतो, तिथंच घोटाळा होतो. पायात गेलेला काटा काढणं आणि मोडलेलं हाड बसवणं यात जेवढा फरक, साधारण तेवढा इथंही आहे. त्यांचं दुखणं त्यांच्या जागी खरं, तुझं तुझ्या जागी. ते एका तराजूत घालू नकोस आणि त्यांनाही घालू देऊ नकोस.

आता त्या चौथ्या दिवशी काय झालं ते सांगते. ते कळलं तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतील.

दाढ निघाल्यावर हाडात खड्डा राहतो. त्यात रक्त साकळतं आणि त्याची गुठळी बसते. गुडघा खरचटल्यावर खपली धरते ना, तसंच. फक्त ही खपली ओली असते आणि तोंडात असते. तिच्या खाली नवं मांस भरायला लागतं. ती गुठळी निसटली किंवा विरघळली की खालचं हाड उघडं पडतं. हवा लागली, पाणी लागलं, अन्नाचा कण लागला की ठणका थेट कानात आणि कानशिलात जातो. तोंडाला वास येतो, चव बिघडते. डॉक्टर त्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं. बहुतेक वेळा दोन-तीन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला सुरू होतं. माणूस त्यातच फसतो. काल बरं होतं, आज वाढलं, तर उद्या कमी होईल असं वाटतं.

तू लिहिलंस की त्या संध्याकाळी ओल्या सरपणामुळे चूल पेटेना म्हणून बराच वेळ फुंकणी फुंकत होतीस. तोंडात रक्ताची चव येत होती म्हणून सारखी थुंकत होतीस. आणि झोपायच्या आधी मिठाच्या पाण्यानं खळखळून चुळा भरल्यास. एकेक गोष्ट साधी आहे. पण फुंकणं, जोरात थुंकणं, चुळा भरणं आणि काही ओढून पिणं, या सगळ्यांनी तोंडात दाब तयार होतो आणि पहिल्या दिवशीची कच्ची गुठळी हलते. तुझी नेमकी कशानं गेली हे मला सांगता येणार नाही. सगळं नीट पाळूनही काहींना हा त्रास होतोच. एवढं मात्र नक्की, की तो तुझ्या नाजूकपणामुळे झाला नाही, आणि सोसल्यानं बराही होणार नव्हता.

मेडिकलमधल्या गोळ्यांनी तो का थांबला नाही, हेही ऐक. दुकानदारानं तुला अँटिबायोटिक दिलं. ड्राय सॉकेट हा मुळात जंतूंचा आजार नाही, त्यामुळं नुसत्या अँटिबायोटिकनं तो जात नाही. दवाखान्यात खड्डा सलाईननं धुतात आणि त्यात लवंगेच्या तेलाचं औषध लावलेली पट्टी ठेवतात. बऱ्याच जणींना तासाभरातच आराम पडतो. माझ्यासमोर खुर्चीत बसून एक बाई रडली होती, पट्टी ठेवल्यावर. दुखलं म्हणून नव्हे, दुखायचं थांबलं म्हणून. सहा रात्री झोपली नव्हती ती.

म्हणून या वेळी एकच खूण पक्की धर. दुखणं किती आहे हे मोजत बसू नकोस, ते कुठल्या दिशेला चाललंय ते बघ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, ते ठीक आहे. जबडा घट्ट होतो, तोंड दोन बोटंही उघडत नाही, तेही ठीक आहे. पण तिसऱ्या दिवसानंतर सगळंच उताराला लागायला पाहिजे. उताराला लागलेलं दुखणं पुन्हा चढायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. ‘अजून एक दिवस बघू’ नको. मागच्या वेळी सासूबाई म्हणाल्या ‘दुखणारच’, आणि तू मान्य केलंस. दुखणारच, हे पहिल्या तीन दिवसांपुरतं खरं आहे.

आता ही दाढ काढावी का? तू कचरतेस ते मी समजू शकते. तसं बघितलं तर प्रत्येक अक्कलदाढ काढायलाच पाहिजे असं नाही. जी दुखत नाही, सुजत नाही, शेजारच्या दाताला त्रास देत नाही, ती केवळ पुढं कधी दुखेल म्हणून काढू नये, अशी सूचना ब्रिटनमध्ये २००० सालापासून आहे. म्हणून कुणी नुसता एक्स-रे बघून ‘चारही काढून टाका’ म्हणालं, तर ‘का’ हे जरूर विचारावं. पण तुझी हिरडी वर्षात दोनदा सुजली. दाढेवर हिरडीची झाकण असते, तिच्याखाली अन्न अडकतं, ते कुजतं, पुन्हा सूज येते. अशी दाढ गप्प राहत नाही. शिवाय आडवी दाढ पुढच्या चांगल्या दाढेला टेकली असेल तर तिथं कीड लागते आणि मग एकीच्या जागी दोन जातात. डॉक्टरांना सरळ विचार : ‘ही पुढच्या दाढेला खातेय का?’ आणि दुसरं विचार : ‘खालच्या ओठाची नस किती जवळ आहे?’ खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते. बहुतेक वेळा तिथली जाणीव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, पण आधी माहीत असलेलं बरं. आईच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. बघायची नस वेगळी आहे, ती डोळ्यातून थेट मेंदूला जाते. दाढेशी तिचा संबंध नाही. नजर जात नाही. आईला निर्धास्त कर.

माझं मत विचारशील तर काढ. पण हिरडी सुजलेली असताना नाही, सूज उतरल्यावर. आणि सोयाबीनची वाट बघत नाही. काढणीला मजूर आले की दोन वेळचा स्वयंपाक कुणाच्या गळ्यात पडतो ते तुला माहीत आहे. नंतर दिवाळी, नंतर हरभऱ्याची पेरणी. शेतकऱ्याच्या घरात ‘निवांत झालं की’ हा दिवस पंचांगात नसतो. तीन दिवस घरात दुसरं कुणीतरी हाताशी असेल असा आठवडा बघायचा आणि नंबर लावून टाकायचा. वारही बघ. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी काढली, तर तो नाजूक चौथा दिवस गुरुवार-शुक्रवारी येतो आणि दवाखाना उघडा असतो. शुक्रवारी-शनिवारी काढली तर चौथ्या दिवसाआधीच मधे रविवार येतो, रक्त थांबलं नाही किंवा काही विचारायचं झालं तर दाराला कुलूप. एवढी साधी गोष्ट आहे, पण मी कितीतरी जणींना रविवारच्या रात्री तळमळताना पाहिलंय.

राहता राहिलं माहेर. आईच्या घरी मऊ भात आयता मिळेल, झोप मिळेल, कुणी टोमणा मारणार नाही. हे सगळं औषधच आहे, मी कमी लेखत नाही. पण तुझ्या गावाहून दोन एसट्या बदलून गंगाखेडकडे जायचं, सुजलेल्या तोंडानं. आणि चौथ्या दिवशी ठणका लागला तर लातूरचे डॉक्टर शंभर किलोमीटरवर. मग आई म्हणेल, जवळच्या मेडिकलमधून गोळी आणू. म्हणजे मागच्याच वाटेनं परत. आईला तुझ्या घरी बोलवावं, तर लेकीच्या घरी चार दिवस राहायला अजून आपल्याकडच्या आया तयार होत नाहीत, आणि त्यात सासूबाईंना वेगळाच अर्थ लागायचा.

पण पत्राच्या शेवटी तू एक ओळ सहज लिहून गेलीस : ‘नणंद लातूरलाच राहते, तिनं येऊन राहा म्हटलं होतं, पण बरं दिसत नाही.’ का बरं दिसत नाही? ती आपण होऊन म्हणाली. तिचं घर दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर. गॅसवर स्वयंपाक, चुलीचा धूर नाही, तू पाहुणी म्हणून कामाचा आग्रह नाही. आणि ती सासूबाईंची लेक. ती घरी फोन करून ‘वहिनीला दोन घास गिळता येईनात’ म्हणाली तर ते वेगळं ऐकलं जाईल. मला विचारशील तर पहिल्या चार रात्री नणंदेकडे काढ, मग घरी ये. टाके आपोआप विरघळणारे नसतील तर आठवड्यानं काढायला पुन्हा लातूरला यायचंच आहे. माहेरी जायचं असेल तर त्यानंतर जा, मनसोक्त.

ज्यांची अशी नणंद नाही त्यांनी घरातच राहावं, पण काय लागणार ते कामांच्या नावानं सांगावं. ‘मला आराम पाहिजे’ म्हटलं की समोरच्याला फक्त तक्रार ऐकू येते. ‘तीन दिवस चूल फुंकणार नाही, वाकून धुणं धुणार नाही, हंडा उचलणार नाही, बाकी बसून भाजी निवडीन, लेकरांचा अभ्यास घेईन’ असं सांगितलं की घर त्याप्रमाणे कामं वाटून घेतं. वाकल्यानं आणि ओझं उचलल्यानं डोक्याकडं रक्त चढतं आणि जखम पुन्हा वाहायला लागते, हे कारणही सांगायचं. आणि हे सासूबाईंना नवऱ्यानं सांगायचं, तू नाही. त्यानं आधी सांगितलं तर तुझ्या बोलण्याला मागणीचा रंग येत नाही.

अजून एक करून बघ. दवाखान्यात जाताना सोबत सासूबाईंनाच ने. ऐकून दचकशील, पण मी हे घडताना पाहिलंय. अशाच एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या होत्या, बाहेर बाकावर बसून ‘किती येळ लावलाय दाढंला’ म्हणून कुरकुरत होत्या. पाऊण तासानं आम्ही त्यांना आत बोलावलं. स्टीलच्या ट्रेमध्ये दाढ ठेवलेली होती, तीन तुकड्यांत. एका मुळाचं टोक गळासारखं वाकडं. त्यांनी तो ट्रे हातात धरला, बराच वेळ बघितलं, आणि सुनेकडं न बघताच म्हणाल्या, ‘माय, हे तर हाडातून काढलंय.’ जाताना पिशवी त्यांनीच उचलली. आठवडाभरानं टाके काढायला सून आली तेव्हा म्हणाली, चार दिवस तवा हातात घेऊ दिला नाही. प्रत्येकीच्या घरी असंच होईल असं नाही. पण डोळ्यांनी बघितलेलं माणूस विसरत नाही.

आता घरचे दिवस. पहिला तास कापसाचा किंवा गॉजचा बोळा दाबून धरायचा. सारखं काढून बघायचं नाही, बोलायचंही नाही. लाळ गिळायची. थुंकायची नाही. लाळेत मिसळलेलं थोडं रक्त फार दिसतं. गुलाबी लाळ दिवसभर येऊ शकते, त्याला घाबरू नकोस. तोंड भरून लाल रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची घडी ओली करून जागेवर ठेवायची आणि घड्याळ लावून अर्धा तास दात घट्ट मिटायचे. दोनदा करूनही थांबलं नाही तर दवाखाना. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा घेऊ नकोस, जीभ-गाल भाजला तरी कळत नाही.

पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक. बर्फ रुमालात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं गालावर, मग तेवढाच वेळ बंद. लाइट गेली, फ्रिज नाही, तर माठातल्या पाण्याची ओली पट्टी चालते. मीठ-पाणी पहिले २४ तास अजिबात नाही. हेच सगळ्या जणी चुकतात, कारण घरात प्रत्येकाला तेवढंच औषध माहीत असतं. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर. तोंडात घ्यायचं, खळखळायचं नाही. मान हळूच डावीकडं, मग उजवीकडं कलती करायची आणि मोरीवर ओणवून तोंड उघडायचं, पाणी आपोआप पडू द्यायचं. रात्री उशाला एक उशी जास्त घे किंवा वाकळीची घडी घाल, डोकं उंच राहिलं की सूज कमी धरते. तिसऱ्या दिवसापासून शेक गरम, आणि जबडा हळूहळू उघडायचा सराव, दिवसातून पाच-सहा वेळा, ओढ लागेल तिथपर्यंत. दुखतं म्हणून तोंड बंदच ठेवलं तर जबडा आखडतो. बाकीचे दात मऊ ब्रशनं घासायचे, जखमेची जागा सोडून.

गोळीची पहिली खेप बधिरपणा जायच्या आधी घे, दोन घास खाऊन. ठणका लागल्यावर घेतलेली गोळी त्याच्या मागं धावत राहते. पहिले दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा पाळ, दुखत नसलं तरी. मेडिकलमधून वरून दुसरी आणू नकोस. नाव वेगळं असलं तरी आत पुष्कळदा तेच पॅरासिटामॉल असतं, आणि दुप्पट झालं की यकृताला त्रास होतो. अ‍ॅस्पिरिन तर नकोच, त्यानं रक्त लवकर थांबत नाही. बीपी, किडनी, दमा, ॲसिडिटीची गोळी, काहीही चालू असेल तर आधीच सांग. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही. त्यानं ड्राय सॉकेटची शक्यता थोडी वाढते. आणि खड्ड्यात हळद, राख, कुस्करलेली लवंग काहीही भरू नकोस. लवंगेचं औषध डॉक्टरांच्या हातचं वेगळं.

खाण्यावरून घरात नक्की वाद होईल. ‘भात खाल्ला की पू होतो, दही खाल्लं की जखम चिघळते.’ हे मी हजारदा ऐकलं. भातानं पू होत नाही, दह्यानंही नाही. उलट उपाशी राहिलं की जखम भरायला उशीर लागतो आणि गोळ्यांनी पोट जळतं. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट : कुस्करलेलं केळं, दूध, शेवयांची खीर, गार झालेली ज्वारीची आंबील, वरणात कालवून लोण्यासारखा मऊ केलेला भात. सगळं चमच्यानं, स्ट्रॉनं ओढून नाही. तिसऱ्या दिवसापासून मुगाची सैल खिचडी, अंडं चालत असेल तर मऊ अंडं, दुधात चांगली भिजवून कुस्करलेला भाकरीचा आतला भाग. भाकरीचा कडक पापुद्रा आणि धपाटे दोन आठवडे विसर. ठेचा आणि तर्रीही. आणि आपल्या ताटातल्या चटण्या : कारळाची, जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची. त्यांचा बारीक दाणा खड्ड्यात जाऊन बसला की निघता निघत नाही. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे लागतात, आत हाड भरायला काही महिने. तोवर त्या बाजूनं खाताना जपायचं.

पुढचं घरातल्या सगळ्यांनी वाचावं. ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि सूज जिभेखाली किंवा गळ्याकडं उतरली, गिळता येईना, आवाज बदलला, श्वास घ्यायला जड झालं, तर रात्र-मध्यरात्र न बघता १०८ ला फोन करून मोठ्या दवाखान्यात. हे क्वचित होतं, पण झालं तर तासांचा प्रश्न असतो.

एक गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली होती. तू लिहिलंस, ‘सकाळी मिसरी लावल्याशिवाय परसाकडं होत नाही, त्यामुळं दुसऱ्याच दिवशी लावली.’ आणि पुढं, ‘डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं तेव्हा नाही म्हणाले.’ तू खोटं बोलली नाहीस. आपल्याकडं तंबाखू पुरुष खातात, बाया मिसरी लावतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंच आपण लहानपणापासून समजतो. माझी आई लावायची, मावशी लावायच्या. पण मिसरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. तिनं हिरडीकडं जाणारं रक्त कमी होतं, बोट जखमेजवळ फिरतं, आणि नंतर चूळ भरून थुंकावं लागतं. गुठळीला नको असलेलं सगळं एका खेपेत होतं. तुझ्या मागच्या त्रासात माझा सगळ्यात जास्त संशय हिच्यावर आहे.

कायमची सोडलीस तर सोन्याहून पिवळं, आणि त्यासाठी १८०० ११ २३५६ हा सरकारचा फुकट फोन आहे, तिथं सोडवायला मदत करतात. पण आत्ता मी एवढंच मागते : काढायच्या आधी दोन-तीन दिवस आणि नंतर किमान दोन आठवडे बोट डबीला लावू नकोस. पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका कुस्करून, आणि नाहीच जमलं तर डॉक्टरांकडून इसबगोल विचारून घे. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, नणंदेला सांगून ठेव म्हणजे ती मनावर घेणार नाही.

लातूरला जाताना मागच्या वर्षीचा एक्स-रे आणि कागद सोबत घे. मागच्या दाढेला ड्राय सॉकेट झालं होतं हे पहिल्यांदा सांग, म्हणजे या वेळी क्लोरहेक्सिडिनचं, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाचं, जेल किंवा औषधी पाणी लागेल का ते डॉक्टर ठरवतील. नवरा खुर्चीपाशी उभा असेल तर त्याला दोन मिनिटं बाहेर पाठव. आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की म्हण, ‘खात नाही, मिसरी लावते.’